औलीत स्नोबोर्डिंग : बर्फावरचा एक दिवस कितीला पडतो?

औलीला जाऊन स्नोबोर्डिंग शिकायचं ठरवलं, की बहुतेकजण पहिला फोन करतात तो बोर्डाचं भाडं विचारायला. भाडं कळतं, ते परवडणारं वाटतं आणि तिकिटं निघतात. पण या सहलीत बोर्डाचं भाडं ही छोटी रक्कम आहे. मोठी रक्कम जाते डोंगरापर्यंत पोहोचण्यात आणि तिथे राहण्यात. ती वसूल होणार की वाया जाणार, हे ठरतं लिफ्ट चालू आहे की बंद यावर. म्हणून मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांसाठी हा सगळा हिशोब लिफ्टपासून सुरू करून मांडतो आहे.

आधी लिफ्ट समजून घ्या

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या डोक्यावर औली आहे. जोशीमठ तालुक्याचं अधिकृत नाव २०२४ पासून ज्योतिर्मठ झालं असलं, तरी वाहनचालक आणि हॉटेलवाले अजून जोशीमठच म्हणतात. गाव सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे, तर औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान. समोर ७,८१६ मीटरचं नंदादेवी शिखर दिसतं.

वर जाण्याच्या तीन सोयी पूर्वापार सांगितल्या जातात. पहिली, जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे. याला दहा टॉवर आहेत. गावातून केबिनमध्ये बसलं, की वीस-पंचवीस मिनिटांत माणूस थेट वरच्या उतारावर उतरायचा. दुसरी, खालच्या उतारावरून वर जाणारी सुमारे ८०० मीटरची चेअरलिफ्ट. तिसरी, स्कीवाल्यांना दांड्याला धरून वर ओढत नेणारी सुमारे ५०० मीटरची स्की-लिफ्ट.

यातला रोपवे जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. त्या महिन्यात जोशीमठची जमीन खचली, आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि अनेक कुटुंबांना घरं सोडावी लागली. हे गाव जुन्या भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर वसलं आहे, इथे अवजड बांधकाम करू नये, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. रोपवेचा पहिला टॉवर याच गावात आहे. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनात किंवा एखाद्या टूर कंपनीच्या माहितीपत्रकात ‘रोपवेने औली’ असं दिसलं, तर त्यावर पैसे ठरवू नका. निघण्याच्या आठवड्यात गढवाल मंडल विकास निगमाच्या औली केंद्रात स्वतः फोन करा. चार प्रश्न विचारा: आज कोणती लिफ्ट चालू आहे? तिचं तिकीट एका फेरीचं आहे की दिवसाचं? स्नोबोर्ड घेऊन बसू देतात का? बोर्ड पायात चालतो की हातात धरावा लागतो?

शेवटचे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत, कारण औली हे मुळात स्कीचं ठिकाण आहे. चेअरलिफ्टवर बसणारे बहुतेकजण बर्फ बघायला आलेले पर्यटक असतात. स्की-लिफ्टची रचनाही दोन पाय समोर ठेवून उभं राहणाऱ्यासाठी असते. स्नोबोर्डवर माणूस आडवा उभा असतो. त्याला मागचा पाय बांधणीतून (बूट बोर्डाला जखडणाऱ्या पट्ट्यांतून) सोडवून, पुढच्या एकाच पायावर तोल धरत वर ओढून घ्यावं लागतं. नवशिक्याला हे पहिल्या दिवशी जमत नाही, आणि जमत नसेल तर स्की-लिफ्टवर केलेला खर्च फुकट जातो.

अंदाजपत्रक : मुंबई ते मुंबई, माणशी

पुढचे आकडे म्हणजे दरपत्रक नाही. दर हंगामागणिक आणि गर्दीप्रमाणे बदलतात. कोणत्या खात्यावर किती पैसे बाजूला काढावेत, हे ठरवण्यासाठी मध्यम दर्जाचा खर्च धरला आहे. दोघं एकत्र जात आहेत, बर्फावर पाच दिवस मिळणार आहेत आणि मुक्काम जोशीमठला आहे, असं गृहीत धरलं आहे.

- मुंबई ते हरिद्वार रेल्वे, थर्ड एसी, जाऊन-येऊन : ४,००० रुपये
- ऋषिकेश ते जोशीमठ सामायिक गाडी, जाऊन-येऊन : २,००० रुपये
- आठ रात्रींचा मुक्काम, खोली २,५०० रुपये, म्हणजे माणशी १,२५० : १०,००० रुपये
- दहा दिवसांचं खाणं-पिणं, रोज ७०० : ७,००० रुपये
- जोशीमठ-औली गाडी, रोज १,५०० दोघांत, पाच दिवस : ३,७५० रुपये
- बोर्ड, बूट आणि बांधणी, रोज १,२००, पाच दिवस : ६,००० रुपये
- प्रशिक्षक, रोज २,००० दोघांत, तीन दिवस : ३,००० रुपये
- लिफ्ट, रोज १,०००, तीन दिवस : ३,००० रुपये
- बर्फाचे कपडे आणि हेल्मेट भाड्याने, रोज ४०० : २,००० रुपये
- साहसी खेळांचं संरक्षण असलेला विमा : १,००० रुपये

एकूण ४१,७५० रुपये. त्यावर पंधरा टक्के अडीअडचणीसाठी धरले, की आकडा ४८ हजारांवर जातो. विमानाने डेहराडूनला जाणार असाल आणि पुढे स्वतंत्र गाडी करणार असाल, तर प्रवासाची रक्कम तिप्पट-चौपट होऊ शकते.

आता या यादीतलं प्रत्यक्ष बर्फावरचं खातं वेगळं काढा. बोर्ड, प्रशिक्षक, लिफ्ट आणि कपडे मिळून १४,००० रुपये होतात, म्हणजे साधारण एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश पैसे तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी उभं राहता यावं म्हणून देता. ते बोर्ड पायात न चढवताही खर्च होतात.

एका दिवसाची खरी किंमत

४१,७५० रुपयांना पाचने भागा. बर्फावरचा एक दिवस ८,३५० रुपयांना पडतो. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा. सहलीतला प्रत्येक निर्णय याच आकड्याशी ताडून पाहायचा आहे.

लिफ्ट सुरळीत चालली आणि रांग छोटी असली, तर नवशिक्याला दिवसात दहा वेळा उतरता येतं. एका उताराला ८३५ रुपये पडले. लिफ्ट बंद पडली, तर बोर्ड काखेत धरून चढावं लागतं. अडीच-तीन हजार मीटरवर विरळ हवेत, जड बुटांनी, घोटाभर बर्फातून चढून चार उतार झाले तरी पुष्कळ. एका उताराची किंमत झाली २,०८७ रुपये. बोर्डाचं भाडं दोनशेने कमी करून घेण्यात आपण अर्धा तास घालवतो, पण खरा फरक हजार-बाराशेचा आहे आणि तो लिफ्टच्या रांगेत पडतो.

यातून पाळण्यासारखे तीन नियम निघतात.

पहिला, पहिले दोन दिवस लिफ्टचं तिकीट काढू नका. वरच्या अंदाजपत्रकात लिफ्टचे तीनच दिवस धरले आहेत ते म्हणूनच. बोर्डावर उभं राहणं, टाचेच्या कडेवर थांबणं, बोटांच्या कडेवर थांबणं आणि झाडाचं पान तरंगत खाली येतं तसं डावी-उजवीकडे घसरत उतरणं, हे सगळं पन्नास मीटरच्या सौम्य उतारावर शिकता येतं. तेवढं चढून जाणं हाच अंग गरम करण्याचा व्यायाम. वळणं जोडता येऊ लागली, की लिफ्ट खरी उपयोगी पडते, आणि ते बहुतेकांना तिसऱ्या दिवशी जमतं.

दुसरा, लिफ्टचे दिवस शनिवार-रविवारी आणि २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत येऊ देऊ नका. त्या दिवसांत चेअरलिफ्टची रांग बर्फ बघायला आलेल्यांनी भरलेली असते. शनिवारी बर्फावर उतरलात, तर गर्दीचे दिवस शिकण्यात जातात आणि सोमवारपासून लिफ्ट मोकळी मिळते.

तिसरा, तिकीट एका वेळी एकाच दिवसाचं काढा. जोराचा वारा सुटला, वीज गेली किंवा यंत्रात बिघाड झाला, की चेअरलिफ्ट थांबते. चार दिवसांचे पैसे एकदम दिले, की परताव्यासाठी खिडकीशी वाद घालत बसावं लागतं.

खाली राहावं की वर?

रोपवे चालू होता तेव्हा जोशीमठला स्वस्त खोली घेऊन रोज सकाळी केबिनने वर जाणं शहाणपणाचं होतं. आता तसं राहिलेलं नाही. गावातून औलीला जाणारा घाटरस्ता डझनभर किलोमीटरहून थोडा जास्त आहे आणि रात्री बर्फ पडला, की सकाळी तो निसरडा होतो. चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे जातात, तेवढ्यापुरते दर वाढतात आणि कधी रस्ता दुपारपर्यंत मोकळा होत नाही. विचित्र गोष्ट अशी, की ज्या रात्री ताजा बर्फ पडतो, त्याच सकाळी खाली राहणारा अडकतो.

आकडे मांडून बघू. पहिली रात्र जोशीमठला काढा, म्हणजे शरीराला उंचीची सवय होते. पुढच्या पाच रात्री औलीत ५,५०० रुपयांची खोली घेतली, तर माणशी रोज १,५०० जास्त, म्हणजे एकूण ७,५०० जास्त लागतील. पण गाडीचा खर्च पाच दिवसांऐवजी जाण्या-येण्याच्या एकाच फेरीचा होईल, म्हणजे ३,००० वाचतील. निव्वळ वाढ ४,५०० रुपयांची. एक वाया गेलेला दिवस ८,३५० रुपयांचा आहे, हे लक्षात घेता पाच दिवसांत एकच दिवस रस्त्यामुळे बुडण्याची शक्यता असेल, तरी वर राहणं परवडतं. हंगामाच्या मधोमध जाणार असाल आणि बर्फवृष्टीचा अंदाज असेल, तर वर राहा. आकाश निरभ्र असलेल्या आठवड्यात खाली राहिलात तरी चालेल.

भाड्याचं सामान घेताना

औलीत आणि जोशीमठमध्ये स्कीचं सामान मुबलक मिळतं. स्नोबोर्ड त्या मानाने कमी, आणि लहान-मोठ्या मापांचे बूट आणखी कमी. त्यामुळे निघण्याआधी फोनवर बुटाचं माप सांगून जोडी राखून ठेवायला सांगा. दुकानात एवढं तपासा:

बूट घालून लेस आवळा आणि गुडघे वाकवून पुढे झुका. टाच आत उचलली जात असेल, तर बूट मोठा आहे. असा बूट घेतला, की पाय वळवूनही बोर्ड वळत नाही आणि शिकणारा स्वतःला दोष देत बसतो. एकच जाड लोकरी मोजा घाला, दोन मोज्यांची घडी पडून फोड येतात.

बोर्ड उभा धरला, की त्याचं टोक तुमच्या हनुवटी ते नाकाच्या दरम्यान यावं. दोन्ही बाजूंची लोखंडी धार बोटाने चाचपा. गंजलेली किंवा मधेच उखडलेली धार कडक बर्फात पकड घेत नाही. तळाला खोल चरे नकोत. बांधणीचे स्क्रू घट्ट आहेत ना आणि पट्ट्यांचे दाते अडकतात ना, हे पाहा. डावा पाय पुढे ठेवायचा की उजवा, हे दुकानदाराला सांगून बांधण्या त्याप्रमाणे बसवून घ्या.

सामान ताब्यात घेण्याआधी त्यावरच्या जुन्या ओरखड्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तो दुकानदाराला तिथेच पाठवून द्या. अनामत रक्कम, परत करण्याची वेळ आणि बोर्ड तुटल्यास किती भरपाई, हे पावतीवर लिहून घ्या. आधारकार्ड मूळ स्वरूपात कुणाकडेही गहाण ठेवू नका, छायाप्रत पुरते.

एक गोष्ट मात्र घरून विकत घेऊन जा: मनगटाचं संरक्षक कवच. स्केटिंगचं कवच पाचशे-आठशे रुपयांत मिळतं. नवशिका स्नोबोर्डर पडतो तेव्हा हात टेकवतो आणि सगळ्यात जास्त मोडतं ते मनगट. हेल्मेटबाबतही तडजोड नको, कारण टाचेची कडा अडकली की माणूस पाठीवर पडतो आणि डोकं मागे आपटतं. जीन्स घालून बर्फावर जाऊ नका. ती तासाभरात भिजते आणि मग थंडी हाडात शिरते.

शिकवणारा कोण?

उतारावर प्रशिक्षक स्वतःहून विचारायला येतात. त्यातले बरेचजण इथेच वाढलेली, बर्फावर लहानपणापासून घसरणारी मुलं आहेत, त्यांचं कसब उत्तम असतं. तरी तीन गोष्टी विचारा: तुम्ही स्की शिकवता की स्नोबोर्ड? एका वेळी किती जणांना? दिवस म्हणजे किती तास? उत्तम स्की शिकवणारा स्नोबोर्ड शिकवू शकेलच असं नाही, कारण दोन्ही खेळांत अंगाचा भार वेगळ्या रीतीने पडतो. चारपेक्षा जास्त जणांच्या गटात पैसे वाचतात पण पाळी येत नाही.

ज्यांच्याकडे वेळ आहे, त्यांनी गढवाल मंडल विकास निगमाच्या सात आणि चौदा दिवसांच्या स्की-वर्गांची चौकशी करावी. राहणं, जेवण, सामान आणि शिक्षण एका शुल्कात मिळालं, तर सुटा खर्च करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मात्र हे वर्ग स्कीचे असतात. स्नोबोर्ड मिळेल का, हे शुल्क भरण्याआधी लेखी विचारा.

दुखापत आणि विमा

साध्या प्रवासविम्यात साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात. पॉलिसीच्या ‘वगळलेल्या बाबी’ या भागात स्कीइंग, स्नोबोर्डिंग किंवा हिवाळी खेळ हे शब्द शोधा. ते तिथे असतील, तर जादा हप्ता भरून संरक्षण घ्या. रुग्णाला खाली आणण्याचा खर्च मिळतो का, हेही पाहा. ऋषिकेशचं एम्स जोशीमठपासून अडीचशे किलोमीटरवर आहे आणि डोंगरातलं ते अंतर नऊ-दहा तासांचं. मोडलेल्या हाताने सामायिक गाडीत तेवढा वेळ बसता येत नाही. अडीअडचणीसाठी ठेवायला सांगितलेले पंधरा टक्के यासाठीच आहेत.

बर्फच नसला तर?

औलीचा हंगाम डिसेंबरअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सांगितला जातो, पण भरवशाचा काळ जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच. जानेवारी २०११ मध्ये इथे दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा कृत्रिम बर्फ तयार करणारी यंत्रं बसवली गेली आणि त्यासाठी पाण्याचा तलावही बांधला गेला. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. खेळाडूंसाठी बर्फ पुरला नाही, तो पर्यटकांसाठी यंत्राने तयार होईल, या आशेवर पैसे गुंतवू नका.

म्हणून आरक्षणाचा क्रम असा ठेवा. रेल्वेचं तिकीट आधी काढा, कारण ते रद्द करता येतं आणि जितकं लवकर रद्द कराल तितकी कपात कमी. खोली विनाकपात रद्द होणारीच घ्या. बोर्ड आणि प्रशिक्षक फक्त बोलून ठेवा, आगाऊ रक्कम देऊ नका. निघण्याच्या चार दिवस आधी औलीतल्या दोन वेगवेगळ्या माणसांकडून त्या दिवशीचा, तारीख सांगून काढलेला उताराचा व्हिडिओ मागवा. खालचा उतार उघडा दिसत असेल, तर सहल पुढे ढकला.

बर्फाची आणि लिफ्टची खात्री सगळ्यात मोठी हवी असेल, तर गुलमर्गचा विचार करावा. तिथला गोंडोला दोन टप्प्यांत अफरवत पर्वतावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेतो. पण वरचे उतार तरबेज माणसांसाठी आहेत आणि तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे. पहिल्यांदा शिकणाऱ्याला दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढायचं कारण नाही. सौम्य उतारावर पाय स्थिर करण्यासाठी औली पुरेसं आहे.

फसवणूक झाली तर

‘रोपवेसह’ अशी जाहिरात करून पैसे घेतले आणि रोपवे बंदच होता, ‘स्नोबोर्ड प्रशिक्षण’ म्हणून स्की हातात दिली, किंवा रद्द होणाऱ्या खोलीचे पैसे अडवले, तर ती सेवेतली त्रुटी आहे. जाहिरातीचं छायाचित्र, पावत्या आणि संदेश जपून ठेवा. आधी कंपनीला लेखी कळवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा करता येतो. म्हणजे पुण्याच्या ग्राहकाला त्यासाठी चमोलीला किंवा डेहराडूनला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी शुल्क लागत नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी व्यवस्थेवर घरबसल्या दाखल होते, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.

औलीचे दुकानदार, प्रशिक्षक आणि गाडीवाले वर्षभराची कमाई अडीच महिन्यांत करतात. जमीन खचल्यापासून त्यांचे दिवस कठीण गेले आहेत. त्यांच्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नका. काटकसर करायची ती तारखा निवडण्यात, लिफ्टची चौकशी करण्यात आणि मुक्कामाच्या जागेत करा. निघण्याच्या आठवड्यात फोन करा, लिफ्ट चालू असल्याची खात्री करा आणि मगच निघा.